वाटाण्याचा अंकुर



गेल्या श्रावणांतील गोष्ट आहे. आमच्या नाशिकच्या घरामागें कागदी लिंबाचें एक जुनें झाड आहे. एका रविवारीं सकाळीं माझी नात त्या झाडापाशीं उकिडवी बसलेली मला दिसली. हातांत मोबाइल फोन, श्वास रोखलेला आणि दृष्टि एका पानावर खिळलेली. मी जवळ जाऊन पाहिलें, तों पानावर पांखराची विष्ठा पडलेली! एवढ्यासाठीं ही पोर अर्धा तास कां तिष्ठत आहे, हें मला कळेना. थोड्या वेळानें ती उठून आली आणि म्हणाली, "आजोबा, आतां हें पाहा." फोनच्या कांचेवर तें पान तळहाताएवढें झालें होतें, आणि मी जिला विष्ठा समजलों होतों ती पान कुरतडीत असलेली एक जिवंत अळी होती. लिंबाच्या झाडावर वाढणाऱ्या फुलपांखरांच्या अळ्या बाल्यावस्थेंत अशाच काळपट-पांढऱ्या रंगाच्या असतात. पक्ष्यांनीं त्यांना भक्ष्य समजूं नये म्हणून त्यांना हा वेष मिळालेला असतो. पुढें अंगानें वाढल्या म्हणजे त्या पानासारख्या हिरव्या होतात. साठी उलटलेल्या माझ्या डोळ्यांना जें दिसलें नाहीं तें त्या चित्रानें मला दाखविलें.

मी पेशानें शिक्षक. तीस वर्षांहून अधिक काळ इतिहास आणि गणित हे विषय शिकवून आतां निवृत्त झालों आहें. त्यामुळें कोणतीही नवी वस्तु पाहिली कीं तिचा पूर्वेतिहास काय, हा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. फुलें, पानें आणि बागेंतील कीटक यांचीं इतक्या जवळून चित्रें घेण्याचा हा नाद आपल्याकडे कोणाकोणाला लागला होता, याचा मी विचार करूं लागलों, आणि फिरून फिरून आमच्याच जिल्ह्यांतील त्र्यंबकेश्वरीं येऊन पोंचलों. तेथें ३० एप्रिल १८७० रोजीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके, यांनीं १९१२ च्या सुमारास एका वाटाण्याच्या रोपाचें जें चित्रण केलें, त्याची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. ती सांगतांना माझ्या हातून वर्गांत घडलेली एक चूकहि मला कबूल करावयाची आहे.

प्रथम, जवळून चित्र घेण्यांत अडचण ती कोणती, हें पाहूं. निरोगी डोळ्यालाहि सुमारें दहा इंचांहून जवळची वस्तु सुखानें स्पष्ट दिसत नाहीं. ही मर्यादा माणसानें भिंगाच्या साह्यानें ओलांडली. इंग्लंडांत रॉबर्ट हूक यानें सूक्ष्मदर्शकांतून पाहिलेली पिसू आणि माशीचे डोळे हातानें रेखाटून १६६५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. पुढें छायाचित्रणाची कला निघाली ती तर जन्मतःच फुलापानांकडे वळली. तिच्या जनकांपैकीं एक जो फॉक्स टॅल्बट, त्यानें १८३९ च्या सुमारास रासायनिक द्रव्य लावलेल्या कागदावर पानें ठेवून उन्हाच्या योगानें त्यांचे ठसे घेतले. ॲना ॲटकिन्स या विदुषीनें १८४३ पासून समुद्रांतील शेवाळाचे असेच निळे ठसे घेऊन त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. आपल्याकडेहि ही कला उशिरां आली नाहीं. मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालींच स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांनीं त्या कलेंत नांव मिळविलें. परंतु त्या काळीं कॅमेऱ्यासमोर बहुधा माणूस तरी बसे, नाहीं तर एखादी इमारत तरी उभी असे. जास्वंदीची कळी किंवा तिच्यावरची मुंगी त्याच्यासमोर सहसा येत नसे.

याचें कारण उघड आहे. कॅमेऱ्याचें भिंग मागच्या कांचेपासून जसजसें दूर न्यावें आणि वस्तूच्या जवळ आणावें तसतशी तिची प्रतिमा मोठी होते. फुलाचें चित्र मूळ फुलाएवढेंच हवें असेल, तर भिंगाच्या नाभीय अंतराच्या दुप्पट अंतर पुढें आणि तितकेंच मागें ठेवावें लागतें. मात्र असें केल्यानें कांचेवर पडणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो, म्हणून भिंग चौपट वेळ उघडें ठेवणें भाग पडतें. तेवढ्यांत वाऱ्याची एक झुळूक आली कीं सारें चित्र फिसकटलें. शिवाय इतक्या जवळून एक पाकळी रेखीव आली, तर तिच्या मागची पुसट होते.

ही झाली आकाराची अडचण. तिच्याहून बिकट अडचण काळाची. मधमाशीचे पंख हलतांना आपणांस दिसत नाहींत, कारण ते फार जलद हलतात. आणि कळी उमलतांना दिसत नाहीं, कारण ती फार सावकाश उमलते. रात्रीं झोपतांना आपण कळी पाहतों व सकाळीं फूल पाहतों. मधलें सर्व आपल्या डोळ्यांआड घडतें. चित्रांची मालिका एका फितीवर घेऊन ती पडद्यावर चालविण्याची विद्या निघाली, तेव्हां या दोन्ही अडचणींवर तोड सांपडली. पॅरिसमध्यें लुसियन बुल यानें १९०४ सालीं विजेच्या ठिणग्यांच्या उजेडांत उडत्या कीटकांचीं एका सेकंदांत शेंकडों चित्रें घेतलीं. तीं सावकाश पाहिलीं म्हणजे पंखाची चाल दिसे. जर्मनींत फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञानें १९०० च्या सुमारास याच्या बरोबर उलट केलें. बऱ्याच वेळानें एकेक चित्र घ्यावयाचें आणि मग तीं भराभर दाखवावयाचीं, म्हणजे रोपाची अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत डोळ्यांसमोर घडून येते.

हें काम प्रयोगशाळेंतून सामान्य प्रेक्षकांपुढें आणणारा इसम म्हणजे लंडनचा पर्सी स्मिथ. हा मूळचा शिक्षणखात्यांतील एक कारकून. त्यानें माशीच्या जिभेचें घेतलेलें एक छायाचित्र चार्ल्स अर्बन या चित्रपट-व्यावसायिकाच्या नजरेस आलें, आणि कारकुनाचें नशीब पालटलें. १९०८ सालीं त्यानें घरांतील निळसर माशी पायांवर लहानसहान वस्तु तोलून फिरवीत असलेली दाखविली, आणि १९१० सालीं फुलांच्या कळ्या पडद्यावर उमलतांना दाखविल्या. त्यांत लिलीहि होती आणि गुलाबहि होता.

आतां आपण लंडनहून मुंबईस येऊं. फाळके यांचें पूर्वायुष्य म्हणजे निरनिराळ्या कलांची एक लांबलचक उमेदवारीच होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत आणि बडोद्याच्या कलाभवनांत ते चित्रकला, छायाचित्रण, छपाई अशा अनेक गोष्टी शिकले. गोध्रा येथें त्यांनीं छायाचित्रांचा धंदा मांडला; परंतु प्लेगानें पत्नी आणि अपत्य हिरावून नेलें, व तो संसार आणि तो धंदा दोन्ही मोडले. पुढें पुराणवस्तु-संशोधन खात्यांत नोकरी केली, ती सोडून छापखाना काढला, १९०९ सालीं जर्मनीस जाऊन तेथील छपाईची यंत्रें पाहून आले, आणि भागीदारीत बेबनाव होतांच तो चालता छापखानाहि सोडून मोकळे झाले. वय चाळिशीला आलेलें, पदरीं दुसरी पत्नी सरस्वतीबाई आणि मुलेंबाळें, आणि हातीं धंदा नाहीं! अशा स्थितींत १९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या एका चित्रगृहांत त्यांनीं ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असतां आपल्या मनश्चक्षूंपुढें राम आणि कृष्ण उभे राहिले, असें त्यांनीं पुढें स्वतःच लिहिलें आहे.

त्या दिवसापासून त्यांना दुसरें कांहीं सुचेना. मिळतील तेवढे चित्रपट पाहावे, घरीं येऊन प्रयोग करावे, झोपेची पर्वा करूं नये, असा क्रम सुरू झाला. त्याचा परिणाम व्हावयाचा तो झाला: त्यांचे डोळे गेले. ज्याला जगाला चित्रें दाखवावयाचीं होतीं त्यालाच कांहीं दिसेनासें झालें. सुदैवानें वैद्यकीय उपचारांचा गुण आला आणि दृष्टि परतली. ती परत येतांच या गृहस्थानें काय केलें? आयुष्याच्या विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि १९१२ च्या आरंभीं लंडन गांठलें! तेथें चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या संपादकांची ओळख करून घेऊन, सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेंतील काम पाहून, विल्यमसनचा कॅमेरा व इतर सामग्री खरेदी करून ते परतले.

या विल्यमसनविषयीं एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. हा जेम्स विल्यमसन मूळचा औषधविक्रेता. १९०१ च्या सुमारास त्यानें एक लहानसा विनोदी चित्रपट केला होता. त्यांत एक चिडलेला माणूस कॅमेऱ्याच्या जवळ जवळ येत जातो, शेवटीं सारा पडदा त्याच्या उघड्या तोंडानें व्यापतो, आणि तो कॅमेऱ्यासकट छायाचित्रकाराला गिळून टाकतो. वस्तु अगदीं जवळून दाखविली म्हणजे ती प्रेक्षकाला कशी झपाटून टाकते, हें ज्यानें इतक्या लवकर ओळखलें, त्याच्याच कारखान्यांत फाळक्यांचा कॅमेरा तयार झाला होता.

यंत्र आलें, विद्या आली. पैसा मात्र आला नव्हता. संपूर्ण चित्रपट काढावयाचा तर हजारों रुपये पाहिजेत, आणि त्यावर कर्ज कोण देणार? सावकाराला पुराणकथेचें आकर्षण असेल, परंतु तारण म्हणून त्याला डोळ्यांना दिसणारी वस्तु पाहिजे असते. तेव्हां फाळक्यांनीं पैसा लागणार नाहीं असा नट शोधला. तो नट म्हणजे वाटाणा.

सामान्यपणें सांगितली जाणारी कथा अशी आहे. फाळक्यांनीं एका कुंडींत वाटाणे पेरले, कुंडीसमोर कॅमेरा रोवून ठेवला, आणि महिन्याहून अधिक काळ रोज एकेक चित्र घेतलें. त्यांतून मिनिटाहून किंचित् मोठा चित्रपट तयार झाला. बी फुटलें, अंकुरानें डोकें वर काढलें, पानें उलगडलीं आणि पाहतां पाहतां त्याचा वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ हें त्या चित्रपटाचें नांव. तो निवडक मंडळींना दाखविण्यांत आला, आणि तो पाहून यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहरे इत्यादि गृहस्थ कर्ज देण्यास पुढें आले.

वाटाण्याची ही निवड मला मोठी मार्मिक वाटते. गुलाबाची कळी उमलली म्हणजे तिचें नाट्य संपलें; वाटाण्याच्या वेलाचें तसें नाहीं. तो रुजतो लवकर, वाढतो सरळ, आणि त्याच्या पानांच्या टोकांना दोऱ्यासारखे जे तणावे असतात ते आधार शोधीत हवेंत सावकाश घिरट्या घालीत असतात. आपल्या डोळ्यांना ते स्थिर दिसतात. परंतु काळ आंखडून पाहिला तर आंधळा मनुष्य हातानें भिंत चांचपतो तसें तें दृश्य दिसतें. कांहीं काळ ज्यांनीं स्वतः अंधत्व भोगलें होतें, त्यांच्या कॅमेऱ्यापुढें हा वेल वाढला.

आतां माझ्या चुकीकडे वळतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं सातवीच्या वर्गांत मी ही कथा मोठ्या भक्तिभावानें सांगत होतों. "मुलांनो, महिनाभर रोज एक चित्र! केवढा हा धीर!" असें मी म्हणालों, तोंच मागच्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मग तें पडद्यावर दोनच सेकंद दिसेल ना?" वर्गांत हशा पिकला. मला तो उद्धटपणा वाटला. "थोर माणसांच्या गोष्टींत असा हिशेब मांडावयाचा नसतो, खालीं बैस," असें मीं त्याला दरडावलें. तो खालीं बसला, आणि त्या वर्षांत त्यानें मला पुन्हां एकहि प्रश्न विचारला नाहीं. विशेष हें कीं त्याच वर्गाला पुढच्या तासाला मीच गणित शिकविलें!

गेल्या श्रावणांत नातीला ही कथा सांगण्यापूर्वीं मीं तो हिशेब प्रथमच कागदावर मांडला. चित्रपटाच्या एक फूट फितीवर सोळा चित्रें मावतात, आणि मूकपटांच्या काळीं पडद्यावरून एका सेकंदांत साधारण सोळा चित्रें सरकत. अर्थात् एका मिनिटाच्या चित्रपटाला नऊशें साठ चित्रें लागतात. रोज एकच चित्र घेतलें असतें, तर एवढीं चित्रें जमण्यास अडीच वर्षांहून अधिक काळ लागला असता. आणि तीस दिवसांच्या तीस चित्रांचा खेळ दोन सेकंदांत आटोपला असता. एकेक चित्र पुन्हां पुन्हां छापून फीत लांबवितां येते हें खरें, पण मग वेल सरसर वाढतांना न दिसतां धक्के खात उभा राहतांना दिसेल, आणि असल्या धक्क्यांवर कोणी सावकार थैली सोडणार नाहीं. तेव्हां ‘मिनिटभर’ आणि ‘रोज एक’ या दोन गोष्टी एकत्र नांदूं शकत नाहींत.

चित्रपट मिनिटभराचा होता असें धरलें तर हिशेब असा येतो: नऊशें साठ चित्रें तीस दिवसांत म्हणजे रोज बत्तीस, अहोरात्र दर पाऊण तासाला एक. चाळीस दिवस धरले तर रोज चोवीस. म्हणजे दर तासाला एक. केवळ दिवसाच्याच उजेडावर काम भागवावयाचें म्हटलें तर या वेळा आणखी निम्म्यानें जवळ येतात. त्या मुलाचा हिशेब बरोबर होता, श्रोते हो. चुकला होता तो त्याचा मास्तर.

आणि या हिशेबानें फाळक्यांची थोरवी कमी होते काय? मला तर ती वाढलेली दिसते. रोज एक चित्र घेणारा मनुष्य दिवसाचे उरलेले तेवीस तास मोकळा असतो. तासातासाला चित्र घेणाऱ्याला मात्र उंबरठा ओलांडतां येत नाहीं. कुंडी तसूभर हलवितां येत नाहीं, कारण रोप उजेडाकडे झुकत असतें आणि कुंडी फिरली तर वेल उलटा वळतो. उजेड प्रत्येक वेळीं सारखा ठेवावा लागतो, नाहीं तर पडदा लुकलुकतो. कॅमेऱ्याला धक्का लागून उपयोग नाहीं, आणि घरांत तर मुलेंबाळें वावरत आहेत! आपण थोर माणसांभोंवतीं सोपी दंतकथा विणतों, आणि तिच्यामुळें त्यांचे खरे कष्ट झांकले जातात, हा धडा मला निवृत्तीनंतर मिळाला.

यापुढील इतिहास आपणांस ठाऊक आहे. मिळालेलें कर्ज पुरें पडेना, तेव्हां सरस्वतीबाईंचे दागिनेहि कामीं आले. फितीला भोंकें पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचीं कामें त्या माउलीनें शिकून घेतलीं, आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाकहि केला. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याच सालीं फाळके यांनीं आपला कारखाना नाशिकास हलविला, आणि १९१८ सालीं येथेंच हिंदुस्थान फिल्म कंपनीची स्थापना झाली. मोगलांच्या अमदानींत ज्या गांवाला गुलशनाबाद, म्हणजे फुलबागेचें शहर, असें नांव होतें, त्या गांवांत आतां देव प्रगट होऊं लागले, राक्षस अंतर्धान पावूं लागले. या चमत्कारांची गुरुकिल्ली कोणती? कॅमेरा थांबवावयाचा, समोरील वस्तूंत बदल करावयाचा, आणि पुन्हां चित्र घ्यावयाचें. दोन चित्रांमधील काळ प्रेक्षकाला कळूं द्यावयाचा नाहीं. वाटाण्याच्या कुंडीपुढें हाच पाठ गिरविला गेला होता. फाळक्यांनीं आगकाड्यांचाहि एक लघुपट केला, त्यांतील काड्या आपोआप हालत-नाचत. त्या काड्या काय, पुराणांतील देव काय, सर्व जण त्या वाटाण्याचे ऋणी आहेत.

याच सुमारास कलकत्त्यास आचार्य जगदीशचंद्र बोस वनस्पतींच्या हालचालींचा निराळ्या मार्गानें मागोवा घेत होते. त्यांच्या क्रेस्कोग्राफ नांवाच्या यंत्रांत रोपाची वाढ दहा हजारपट मोठी होऊन उमटे. बोस यांनीं हालचाल मोठी केली; फाळके यांनीं काळ लहान केला. एकाला सिद्धांत पाहिजे होता, दुसऱ्याला भांडवल. परंतु हिरवें रोप हें निर्जीव शोभेची वस्तु नसून क्षणोक्षणीं कांहींतरी करीत असलेला जीव आहे, ही एकच गोष्ट दोघांनीं आपल्या लोकांना डोळ्यांनीं पाहावयास लावली.

फाळके यांचा शेवट सुखाचा झाला नाहीं. बोलपट आले आणि मूकपटांचा हा जनक मागें पडला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथेंच त्यांचें निधन झालें. त्यांच्या नांवाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ सालापासून देण्यांत येऊं लागला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशीं त्यांचें स्मारकहि उभें राहिलें. ‘राजा हरिश्चंद्रा’चे कांहीं भाग अद्याप पाहावयास मिळतात. वाटाण्याचा तो वेल मात्र काळाच्या पोटांत गेला. ज्याच्या तारणावर एवढा मोठा व्यवसाय उभा राहिला, तें तारणच हरवलें. आम्ही नाशिककर हरिश्चंद्राचें स्मरण करतों, अंकुराचें करीत नाहीं.

म्हणून गेल्या कार्तिकांत आम्हीं आजोबा-नातीनें एक उपक्रम केला. स्वयंपाकघरांतील मूठभर वाटाणे रात्रभर भिजविले, कुंडींत पेरले, आणि कुंडी खिडकीशीं ठेवली. समोर पुस्तकांच्या चळतीवर मोबाइल फोन बांधला. सकाळीं सहापासून रात्रीं दहापर्यंत दर तासाला एक चित्र घ्यावयाचें ठरलें. दिवसाच्या पाळ्या माझ्या आणि संध्याकाळच्या तिच्या. आतांचे फोन हें काम आपण होऊन करूं शकतात असें मला सांगण्यांत आलें. परंतु तो मार्ग आम्हीं मुद्दाम सोडला. पहिले सहा दिवस मातीशिवाय कांहींच दिसलें नाहीं. सातव्या दिवशीं माती किंचित् उचलली गेली, आणि सारें घर खिडकीपाशीं गोळा झालें. एके दिवशीं सिन्नरला नात्यांतील एका लग्नास जावें लागलें आणि दहा तास कोणी घरीं नव्हतें. पुढें तीं चित्रें एकत्र चालवून पाहिलीं, तेव्हां वेल छान डुलत डुलत चढतो आणि मध्येंच टुणकन् उडी मारतो. त्या उडींत आमचें लग्नाचें जेवण आहे! फाळक्यांच्या घरानें काय सोसलें असेल, तें मला शंभर पुस्तकांनीं सांगितलें नसतें, तें त्या एका उडीनें सांगितलें.

आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं गच्ची आहे, खिडकी आहे, निदान एखादी तुळस आहे, त्यांना माझी विनंती आहे कीं फूल तोडूं नका, फुलपांखरूं टांचणीनें टोंचूं नका; त्यांच्या जवळ जाऊन बसा. यंत्र साधें असलें तरी चालेल. भिंगानें वस्तु मोठी होते, परंतु ती दिसते मात्र आपण तेथें थांबलों तरच. आणि मुलांनीं हिशेब विचारला तर त्यांना खालीं बसवूं नका.

माझा तो विद्यार्थी आज चांगला प्रौढ गृहस्थ झाला असेल. तो कोठें आहे हें मला ठाऊक नाहीं. कदाचित् या क्षणीं तो हें भाषण ऐकतहि असेल. त्याला मला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, बाळ, दोनच सेकंद. तुझें उत्तर बरोबर होतें.